लिहिणाऱ्याने वर पाहायचं नाही

राजाजीनगरच्या आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना करंजाची झाडं आहेत. इथे त्यांना होंगे म्हणतात. मार्च सरत आला की त्यांची फुलं गळायला लागतात आणि सकाळी गाडीच्या टपावर कुणीतरी चुरमुरे सांडून गेल्यासारखं दिसतं. वायपर फिरवला की निम्मी उडून जातात, निम्मी काचेच्या खाचेत अडकून होसकोट्यापर्यंत सोबत येतात. ओवी, नील, तुमच्याकडे म्युनिकला अजून कोट लागत असेल. इथे सकाळी सहाला वारा गार असतो, आणि नऊला तोच वारा तव्यावरून आल्यासारखा लागतो. कोपऱ्यावर खरबुजांची गाडी उभी राहते. आकाश धुतल्यासारखं नाही, पुसल्यासारखं होतं. थोडी धूळ राहतेच. या दिवसांत माझी मान आपोआप खाली जाते आणि उजव्या हाताची बोटं पेन शोधायला लागतात. लोकांची मान वर जाते. माझी खाली का जाते, ते सांगायला बसले आहे.

होसकोट्याच्या पुढे, मोठा रस्ता सोडल्यावर, एक लांबट खडकाळ टेकडी आहे. तिला नाव नाही. म्हणजे गावकऱ्यांचं असेल, पण आम्ही नुसतं ‘बेट्टा’ म्हणतो, टेकडी. वरची धार इतकी अरुंद की दोन माणसं शेजारी शेजारी बसली की तिसऱ्याने मागे बसायचं. खाली वाळत चाललेलं तळं, निलगिरीचे पट्टे, आंब्याच्या बागा, गुलाबांची पांढरी प्लॅस्टिकची घरं. हिवाळा आपल्याकडे काढलेले शिकारी पक्षी या दिवसांत उत्तरेला परत जातात: गरुड, ससाणे, मधमाश्यांची पोळी फोडणारे मधुबाज, गवतावरून इंग्रजी ‘व्ही’सारखे पंख धरून तरंगणारे भोवत्ये. ते पहाटे निघत नाहीत. खडक तापण्याची वाट बघतात. तापलेली हवा वर चढू लागली की तिच्यावर बसून गोल गोल वर जातात, तिळाएवढे होतात, आणि मग पंख जरा आवळून उत्तरेकडे घसरत सुटतात. एकामागून एक, जणू रांगेची शिस्त कुणीतरी शिकवलेली आहे.

मोजायची आमची रीत अशी. उत्तरेला एक मोबाइलचा टॉवर आणि त्याच्या उजवीकडे पाण्याची टाकी. टॉवर ते टाकी ही आमची रेघ. पक्ष्याने ती ओलांडली की एक. परत फिरला तर वजा एक. घिरट्या घालणारे मोजायचे नाहीत, कारण वर्तुळात दहा पक्षी वीस वाटतात. एकाने पाहायचं आणि मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. आणि लिहिणाऱ्याने वर पाहायचं नाही. हा शेवटचा नियम माझा. पहिल्याच वर्षी आम्ही दोघी एकदम वर पाहायला लागलो, दोघींचे आकडे वेगळे आले, आणि अर्ध्या तासाची मोजणी वाया गेली. मी आयुष्यभर एका संशोधन संस्थेचं ग्रंथालय सांभाळलं. अर्धवट नोंद मला रात्री झोपू देत नाही. तेव्हा मी ठरवलं, डोळे अक्कांचे, वही माझी. नियम कागदावर लिहून वहीच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवला, खाली तारीख घातली.

अक्का म्हणजे सुशीलाअक्का, आमच्या मागच्या गल्लीतल्या. त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलं ते त्यांनाही नीट ठाऊक नाही. त्यांची मराठी घरातलीच, पण तिच्यात कानडी खडे. पहिल्या वर्षी मला निम्मं कळायचं नाही. त्यांच्या वडिलांना गच्चीवर कबुतरं पाळायचा नाद होता. लहानपणी अक्कांचं काम एकच, कबुतरं उडाली की आकाशाकडे बघत बसायचं आणि ससाणा दिसला की ओरडायचं. शिकारी पक्ष्यांची ओळख मला पुस्तकातून झाली. त्यांना ती शत्रू म्हणून झाली. दुर्बीण त्यांना लागत नाही. कपाळावर हात धरतात, डोळे बारीक करतात, आणि मला जिथे काहीच दिसत नाही तिथे म्हणतात, “तीन आले. एक दमलाय.”

तुमचे आजोबा गेल्यानंतर मी सहा महिने घराबाहेर पडले नव्हते. अक्का एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या की वैनी, तुम्हाला गाडी चालवता येते आणि मला पक्षी ओळखता येतात, घरी बसून दोघींचंही वाया चाललंय. तेव्हापासून दर वसंतात आम्ही दोघी बेट्टावर. एवढे उपकार असलेल्या बाईचा मत्सर करणं किती अवघड असतं, ते मला तुम्ही आलात त्या वसंतात कळलं. अवघड असतं, पण जमतं.

त्या वर्षी ओवी, तू बारा वर्षांची होतीस, नील सात. ईस्टरच्या सुटीचे चौदा दिवस. तुमच्या आईला तिच्या कंपनीने इथल्या ऑफिसात काम दिलं होतं, ती सकाळी आठला महादेवपुऱ्याला जायची आणि दिवे लागल्यावर यायची. म्हणजे तुम्ही दिवसभर माझी. मी जानेवारीपासून चौदा दिवसांचा तक्ता करून ठेवला होता: संग्रहालय, लालबाग, एक दिवस नुसती गोष्टींची पुस्तकं, एक दिवस शंकरपाळी. बेट्टाच्या वाट्याला दोन सकाळी दिल्या होत्या. पहिल्या सकाळनंतर ओवी, तू विचारलंस, “उद्या पण जाऊया?” आणि तक्ता संपला.

त्या दिवसांतलं मला काय आठवतं? ग्रॅनाइटचा वास, ऊन लागल्यावर दगडालाही वास येतो, इस्त्रीच्या कपड्यासारखा. अक्कांच्या वेणीतल्या अबोलीचा केशरी तुकडा. तुमच्या नाकावरचं पांढरं क्रीम. मी काकडीची सँडविचेस नेत असे, कडा कापून, बटर पेपरमध्ये गुंडाळून. अक्का केळीच्या पानात चित्रान्न आणायच्या, लिंबू पिळलेला पिवळा भात, वर शेंगदाणे. पहिल्या दिवशी सँडविचेस संपली. दुसऱ्या दिवशी दोन उरली. चौथ्या दिवशी माझा डबा जसाच्या तसा घरी आला आणि संध्याकाळी ती ओलसर सँडविचेस मी एकटीने, उभ्याने खाल्ली, ओट्यापाशी.

बसायची जागाही ठरून गेली. अक्का पुढच्या दगडावर, त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये ओवी, अक्कांची हनुवटी ओवीच्या डोक्यावर. नील खाली मुंग्यांच्या रांगेत ढवळाढवळ करत. मी मागे घडीच्या खुर्चीवर, मांडीवर वही. दुर्बीण तुमच्या आजोबांची होती, तिचा पट्टा मी ओवीच्या गळ्याच्या मापाने आखूड करून दिला होता, रात्री शिवून. पण दुर्बीण कुठे वळवायची ते अक्का सांगायच्या. गाल धरून चेहरा वळवायच्या. “नोडू गे, बघ, टाकीच्या वर दोन बोटं. स्वल्प डावीकडं. दिसला?” मग एक श्वास, आणि ओवीचा तो आवाज, ओ आणि आ यांच्या मधला, जो ऐकायला मी जानेवारीपासून तक्ता आखत होते. तो आवाज माझ्यापासून दोन हातांवर निघायचा आणि मला फक्त ऐकू यायचा. मी लिहायची: नऊ वाजून चाळीस, भोवत्या, एक, वारा आग्नेयेचा. एखादी घार खालून गेली तर तिची सावली माझ्या पानावरून सरकायची. माझ्या वाट्याला सावल्या यायच्या.

वर का नाही पाहिलं, असं तुम्ही विचाराल. नियम माझाच होता. पुठ्ठ्याला चिकटवलेला.

अक्कांना नावं यायची नाहीत, म्हणजे पुस्तकातली. सगळ्या रुंद पंखांच्या पक्ष्यांना त्या हद्दू म्हणत. वरून त्यांची स्वतःची विशेषणं. हा घाईतला. हा रुसलेला. हा पहिल्यांदाच निघालाय, बघ कसा मागे वळून बघतोय. वहीत दमलेल्या पक्ष्यांसाठी रकाना नव्हता. मी तीनदा विचारायची, अक्का, जात सांगा, शेपटी कशी आहे सांगा. ओवी मागे वळून म्हणायची, “आजी, तो दमलाय, एवढं लिही ना.” मी लिहिलं नाही. ‘अनोळखी, एक’ असं लिहिलं. संध्याकाळी चित्रांच्या वहीत तू तोच पक्षी काढलास आणि खाली देवनागरीत, चुकतमाकत, लिहिलंस: दमलेला. देवनागरी मी शिकवली होती. दोन वर्षं, दर रविवारी, स्क्रीनवरून.

जेवताना अक्का, वेणी घालताना अक्का. अक्कांचे वडील, अक्कांची कबुतरं, अक्का शीळ कशी घालतात. एका दुपारी तू सहज म्हणालीस, “अक्काआजी म्हणाली की...” पुढचं मी ऐकलंच नाही. तोवर मला एक समाधान होतं, की त्या अक्का आहेत, आजी मी आहे.

मत्सर मला तसा ठाऊक नव्हता. नोकरीत माझ्या पुढे कुणी गेलं तरी मी पेढे खाल्ले. तुमच्या आजोबांशी कुणी हसून बोललं तर मला आनंदच व्हायचा, तेवढीच माझी सुटका. कांजिण्या लहानपणी येऊन गेलेल्या बऱ्या, म्हातारपणी आल्या की अंगाची लाही करतात. तसं झालं. बाहेरून काही दिसायचं नाही. मी अक्कांना थर्मासमधला चहा आधी द्यायची, त्यांच्या पाठीशी उशी सरकवायची, आणि मनात त्यांच्या गुडघेदुखीने जरा जोर धरावा असं म्हणायची. हेही लिहून टाकते. अर्धवट नोंद मला चालत नाही.

मग पाडवा आला. तुमचे चारच दिवस राहिले होते. आदल्या संध्याकाळी मी अक्कांना फोन केला आणि सांगितलं की ओवीला ताप आहे, उद्या जमणार नाही. आवाज नीट लागला. इतका नीट की मीच चकित झाले. त्यांनी किती आहे, काय दिलं, ओल्या पट्ट्या ठेवल्या का, सगळं विचारलं आणि मी सगळ्याची उत्तरं दिली. मग फोन ठेवून, ओवी, तुझ्याकडे आले आणि सांगितलं की उद्या अक्कांकडे सणाचे पाहुणे आहेत, बेट्टा बंद. तू दुर्बिणीचा पट्टा गुंडाळून ठेवलास. नील म्हणाला, मग मुंग्या काय करतील?

तो दिवस फार सुंदर गेला. खोटं बोलून मिळवलेला दिवस सुंदर जाऊ नये, पण जातो. गॅलरीत गुढी उभारली, तांब्या ओवीने उपडा घातला, साखरेची गाठी नीलने खालून कुरतडली. इथल्या रीतीप्रमाणे कडुलिंब आणि गूळ खाल्ला आणि तुमच्या दोघांच्या तोंडांचे फोटो काढले. श्रीखंड होतं. ओवी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पुस्तक वाचत पडली होती आणि मी तिच्या केसांतून बोटं फिरवत होते. दहाच्या सुमारास ती उठली, गॅलरीत गेली, गुढीच्या वर बघत राहिली. समोरच्या इमारतीवर फक्त नेहमीच्या घारी होत्या. “आज वारा कसा आहे, आजी?” तिने विचारलं. वारा आग्नेयेचा होता. चांगला होता. मी म्हणाले, पडलाय.

संध्याकाळी पाचला बेल वाजली आणि मी हातातलं टाकून येईपर्यंत ओवीने दार उघडलं होतं.

अक्का उभ्या होत्या. पाडव्याची नवी साडी, काठ घोट्यापर्यंत लाल धुळीने भरलेला. चेहरा उन्हाने काळवंडलेला, ओठ फुटलेले. एका हातात होळिगेचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा डबा, दुसऱ्यात काढ्याची बाटली, मिरी आणि तुळशीची. माझी गाडी नव्हती म्हणून त्या पहाटे बस धरून होसकोट्याला गेल्या होत्या, पुढे रिक्षा, पुढे पायी. गुडघ्यांसकट. ओवीने त्यांच्या कमरेला मिठी मारली. अक्कांनी आधी तिच्या कपाळावर तळवा ठेवला. तो तळवा तिथेच राहिला.

“अक्का, तुझे पाहुणे गेले?” ओवीने विचारलं.

माझी दोन्ही खोटी वाक्यं त्या उंबऱ्यावर समोरासमोर उभी होती आणि मी आतल्या खोलीच्या दारात. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. तीन पक्षी आणि त्यातला दमलेला ओळखायला त्यांना जेवढा वेळ लागतो, तेवढाच.

“गेले गे,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर तुझ्याकडं आले.”

“बेट्टावर नाही गेलीस?”

“सण टाकून कोण जातं?”

काढ्याची बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. हे फ्रिजात ठेवा वैनी, घरात कधी लागतंच, म्हणाल्या. मग बसल्या, होळिगे वाढल्या, नीलला शीळ घालून दाखवली. तुझ्या कुठल्याही प्रश्नाला त्यांनी त्या दिवसाचा एक पक्षीही दिला नाही.

निघताना त्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या. पदराची गाठ सोडली आणि ओट्यावर चिंचोके ओतले. लिहायला मी नसले तर त्या चिंचोक्यांनी मोजायच्या, पाच पक्ष्यांना एक, डाव्या मुठीतून पदरात. मी पूर्वी त्या पद्धतीला हसले होते. “तापातली पोर विचारेल, किती गेले म्हणून. सांगायला नको?” एवढंच बोलल्या. आवाज खाली होता, राग नव्हता. “आता ती गेल्यावर लिहा.”

सत्तावीस चिंचोके. एकशे पस्तीस पक्षी. आमच्या वहीतल्या कुठल्याही दिवसाच्या दुप्पट. ओवी त्या दगडावर अक्कांच्या गुडघ्यांत बसलेली असती तर तिने एकशे पस्तीस वेळा तो आवाज काढला असता. मी तो दिवस तिच्याकडून काढून घेतला होता, आणि अक्कांनी, ज्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस होता, तो माझ्यासाठी गिळून टाकला होता.

मला लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. वाटली, पण नंतर. आधी जे वाटलं ते असं की ही बाई यातही माझ्या पुढे गेली. तुम्ही गेल्यावर मी वही उघडली आणि पाडव्याच्या ओळीत लिहिलं: निरीक्षण नाही. कारण दिलं: लेखनिक अनुपस्थित. नियमाप्रमाणे लेखनिकाशिवायची मोजणी धरायची नसते. अक्षर माझं नेहमीसारखंच सुरेख आलं आहे.

त्याला पाच वर्षं झाली. दर वसंतात आम्ही दोघी जातो. महादेवपुऱ्यात रस्त्याच्या डोक्यावरून आता मेट्रो जाते, होसकोट्याच्या पुढे तळ्याच्या कडेला गोदामं उठली आहेत, टॉवर एकाचे तीन झाले, त्यामुळे रेघ नव्याने ठरवावी लागली. अक्कांनी त्या दिवसाचा शब्द कधी काढला नाही. टोमणासुद्धा नाही. टोमणा मारला असता तर मी त्यांना माफ केलं असतं. या पाच वर्षांत ओवी, तू मला रविवारी फोन करतेस, ठरलेल्या वेळी, आणि अक्कांना मधेच कधीही करतेस. हे मला माहीत आहे. अक्का सांगत नाहीत, पण त्यांच्या गच्चीवरचं हसणं मागच्या गल्लीतून माझ्या खिडकीत येतं.

गेल्या शनिवारी बेट्टावर फारसे पक्षी नव्हते. वारा उलटा होता. दोन मधुबाज, एक ससाणा, मग तासभर काही नाही. मी वहीचं जुनं पान काढलं आणि अक्कांना म्हणाले की त्या ओळीत मी ‘निरीक्षण नाही’ लिहिलंय, तुमचे एकशे पस्तीस लिहिलेच नाहीत. माहीत आहे, त्या म्हणाल्या. कसं, विचारलं, तर म्हणाल्या की पुढच्या वर्षी वही उन्हात उघडी पडली होती, आकडे काय मला वाचता येत नाहीत होय. म्हणजे चार वर्षं त्यांना हेही ठाऊक होतं. मी म्हणाले, आज लिहिते.

“आता कशाला वैनी?” अक्का हसल्या. “ते पक्षी थांबलेत होय तुमच्या वहीसाठी?”

“ओवीला सांगायचंय मला.”

त्यांनी कपाळावरचा हात काढला. “सांगा मग,” म्हणाल्या. “पण स्वल्प सांगा. सगळं सांगितलं तर पोर माझ्यावर रागवेल, मी पण खोटं बोलले म्हणून.”

मी लिहिलं. जुन्या ओळीच्या वर, आजची तारीख घालून. नंतर वही मिटली आणि मान वर केली. काहीच नव्हतं आकाशात. तरी मी बराच वेळ पाहत राहिले आणि अक्का पाहत होत्या तिथेच पाहत राहिले, आणि त्यांना तिथे काहीतरी दिसत होतं.

मी सगळंच सांगितलं आहे. स्वल्प मला येत नाही. ओवी, तुझा निरोप परवा आला, की परीक्षा संपली, तिकीट काढलंय, एकटीच येतेय, सोळा दिवस. त्याखाली: ‘अक्का आहे ना?’ माझी तब्येत त्याच्याही खाली विचारली आहेस. नील, तू नाराज होऊ नकोस, मुंग्या पुढच्या वर्षीही असतील. या वेळी मी तक्ता केलेला नाही. अक्कांना आणि तुला बेट्टावर सोडून मी गाडीतच बसेन, असं लिहून मोठं मन दाखवणार होते, पण ते खरं नाही. मी वर येईन, मागे बसेन, आणि तुझा आवाज ऐकून मला पुन्हा अक्कांचा तसाच मत्सर वाटेल.

काल संध्याकाळी अक्कांकडे गेले. त्या गच्चीवर मिरच्या वाळवत होत्या. तू येणार हे सांगितलं तेव्हा त्यांनी तारीख विचारली. दोन दिवस उशिराची तारीख माझ्या जिभेवर येऊन बसली होती, तयार, नीट आवाजात. मी खरी सांगितली. विमान किती वाजता उतरतं तेही सांगितलं.

“सरी, बरं,” अक्का म्हणाल्या. “मग विमानतळावर मी पण येते.”

गाडी लहान आहे, सामान असेल, पहाटेची वेळ, तुमचे गुडघे. चार कारणं होती आणि चारही चांगली होती.

“या,” मी म्हणाले.